फुस्तातचे हकीम मूसा इब्न मैमून आणि तकदीरचा प्रश्न



जे घडले, जे घडत आहे आणि जे घडणार आहे ते सर्व अल्लाहला ठाऊक आहे, ही आपली श्रद्धा. कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या कर्मांचा हिशेब द्यावा लागेल, हीही आपलीच श्रद्धा. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की घरातले एखादे चौकस मूल विचारतेच: मी उद्या काय करणार हे त्याला आजच ठाऊक असेल, तर मी दुसरे काही करू शकेन काय? आणि करू शकत नसेन, तर हिशेब कसला? हा प्रश्न आपल्या मदरशांत विचारला गेला, तसाच तो यहुदी धर्मपंडितांतही विचारला गेला. त्यांच्यापैकी ज्यांनी तो सर्वांत धैर्याने हाताळला, त्या मूसा इब्न मैमून यांचे आयुष्य मुस्लिम नगरांत गेले. त्यांनी तत्त्वचिंतन अरबी भाषेत केले, आणि त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठा घाव हिंदुस्थानच्या वाटेवरील समुद्राने घातला.

त्यांचा जन्म 1138 च्या सुमारास अंदलुसमधील कुर्तुबा नगरीत झाला. वडील मैमून हे तेथील यहुद्यांचे न्यायाधीश होते. थोर फकीह व तत्त्वज्ञ इब्न रुश्द हेही याच नगरीचे आणि याच काळातले. 1148 मध्ये मुवह्हिदून राजवटीने कुर्तुबा घेतले आणि यहुदी व ख्रिस्ती प्रजेपुढे धर्मांतर वा देशत्याग असा पेच टाकला. कुरआनने धर्माच्या बाबतीत बळजबरी नाकारली आहे. तेव्हा या धोरणाचे समर्थन आपण करण्याचे कारण नाही. हे कुटुंब वर्षानुवर्षे भटकले, 1160 च्या सुमारास मगरिबमधील फासला पोहोचले, 1165 मध्ये जहाजाने अक्का बंदरात उतरले आणि अखेरीस मिसरमधील फुस्तात येथे स्थिरावले.

मगरिबमध्ये असताना मूसा यांनी वरकरणी इस्लाम स्वीकारला होता, असे इतिहासकार अल-किफ्ती लिहितो. आजचे अभ्यासक याबाबत एकमत नाहीत. अल-किफ्ती पुढे सांगतो की, अंदलुसहून आलेल्या एका फकीहाने मिसरमध्ये त्यांच्यावर धर्मत्यागाचा आरोप ठेवला, तेव्हा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे विश्वासू काझी अल-फाझिल यांनी निर्णय दिला की, बळजबरीने वदवून घेतलेला इस्लाम शरीयतच्या दृष्टीने ग्राह्यच नाही. जे मनाने निवडलेले नाही त्याची जबाबदारी माणसावर येत नाही, हा त्या निवाड्याचा आधार. मूसा यांच्या पुढील विवेचनाचा आधारही हाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

फुस्तातमध्ये घराचा सारा भार धाकट्या भावाने, दाऊदने उचलला होता. तो रत्नांचा व्यापारी. मूसा ग्रंथांत बुडालेले असत आणि दाऊद दोघांचे संसार चालवीत असे. 1170 च्या आसपास तो नाईल नदीवरील कूसहून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील ऐदाब बंदरात आला. तेथे मनाजोगा माल मिळेना, म्हणून त्याने पुढे हिंदुस्थानला जाण्याचे ठरविले आणि भावाला पत्र धाडले. वाळवंटात ज्याने वाचविले तोच समुद्रातही वाचवील, असा त्या पत्राचा आशय होता. पुढे याच व्यापारी वाटेवर हिंदी महासागरात दाऊद बुडाला. त्याच्याबरोबर घरचे धन गेले आणि इतरांनी विश्वासाने सोपविलेलेही गेले. मागे विधवा आणि एक लहान मुलगी राहिली. मूसा वर्षभर ज्वराने अंथरुणाला खिळले. आठेक वर्षांनी एका स्नेह्याला लिहितानाही त्यांचे दुःख ओसरलेले नव्हते. भावाचे हस्ताक्षर दिसले की काळीज उलटते, असे त्यांनी कळविले.

आता विचार करा. दाऊदने जहाजावर पाऊल ठेवले ते स्वतःच्या मर्जीने. पण ते जहाज बुडणार हे ईश्वराला ठाऊक होतेच. मग ती मर्जी खरी होती काय?

मूसा यांनी पोटासाठी वैद्यकी धरली. धर्मज्ञान विकून खाणे त्यांना मान्य नव्हते. काझी अल-फाझिल यांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे सलाहुद्दीन यांचे पुत्र अल-अफझल यांचेही ते हकीम झाले. रोज सकाळी फुस्तातहून काहिराला जाणे, दुपारी उपाशी परतणे, दारात यहुदी आणि मुसलमान रोग्यांची दाटी, दिवसाकाठी एकच जेवण आणि रात्री थकव्याने पडल्या पडल्या रोगी तपासणे, असा दिनक्रम त्यांनी 1199 च्या एका पत्रात वर्णिला आहे.

याच धावपळीत त्यांनी इब्रानी भाषेत ‘मिश्ने तोरा’ हा चौदा खंडांचा धर्मशास्त्रग्रंथ रचला. त्यातील तौबाविषयीच्या प्रकरणात आपला प्रश्न येतो. त्यांचे म्हणणे असे: माणूस सज्जन होणार की दुर्जन, हे जन्मतः ठरलेले नाही. ठरलेले असते तर पैगंबरांचे येणे व्यर्थ झाले असते, आणि शिक्षा हा अन्याय ठरला असता. ज्योतिष्यांवर त्यांचा राग होता तो याच कारणाने. ग्रहांवर दोष टाकला की माणूस तौबा कशाची करणार?

मग ईश्वराच्या पूर्वज्ञानाचे काय? त्यांच्या आधी बगदादमध्ये सआदिया गाऊन (मृत्यू 942) यांनी अरबीतच उत्तर दिले होते की, ज्ञान हे घटनेचे कारण नसते. हे उत्तर समजण्यासाठी दूर जायला नको. आंबेगाव तालुक्यातील आहुपे गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे. तेथून खाली कोकण दिसते आणि घाटाची वाट मुरबाडच्या बाजूला उतरते. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालचा वाटसरू कोणत्या पायवाटेला वळला ते दिसते. पण पाहणाऱ्याने त्याला वळविलेले नसते.

दृष्टान्त सुबोध आहे. तरी मूसा तेवढ्यावर समाधानी झाले नसते. कड्यावरचा माणूस वाटसरू वळल्यावर पाहतो. ईश्वर तर तो जन्मण्यापूर्वीच जाणतो. शिवाय पावसाळ्यात आहुप्याला धुके दाटले की पाहणाऱ्याला पुढची दरीही दिसत नाही, कारण त्याचे ज्ञान डोळ्यांनी बाहेरून येते. ईश्वराचे ज्ञान असे बाहेरून आलेले नाही. तो आणि त्याचे ज्ञान वेगळे नाहीत. म्हणून मूसा म्हणतात, त्याच्या ज्ञानाला आणि आपल्या ज्ञानाला ‘ज्ञान’ हा एकच शब्द लावतो, एवढेच साम्य. शक्य असलेली गोष्ट त्याच्या जाणण्याने अटळ बनत नाही. हे कसे, ते मानवी बुद्धी गाठू शकत नाही.

प्रोव्हान्समधील पंडित अब्राहम बेन दाऊद यांना हे रुचले नाही. ज्याची उकल करता येत नाही तो प्रश्न लोकांपुढे उघडूच नये, भोळ्या श्रद्धावंताला त्याच्या श्रद्धेवर राहू द्यावे, अशी त्यांची टीका होती. टीका अगदीच गैर नव्हे. पण चौकस मूल पंडिताच्या परवानगीसाठी थांबत नाही, त्यामुळे आमचा कल मूसा यांच्याकडे आहे.

1190 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘दलालतुल हाइरीन’ या अरबी ग्रंथात त्यांनी ईश्वरी व्यवस्थेविषयीची पाच मते तपासली. त्यांत मुअ्तझिला आणि अशअरी या आपल्या दोन्ही पंथांची मते आहेत. अशअरींवर त्यांनी कडक टीका केली; मानवी कर्माविषयीचा ‘कस्ब’ हा अशअरी विचार त्यांनी अधिक सहानुभूतीने तोलायला हवा होता, असे आम्हाला वाटते. तरी या पंथांना त्यांनी दोष दिला नाही. ईश्वराला अज्ञान वा अन्याय चिकटू नये, याच तळमळीने प्रत्येक जण आपल्या मताला आला, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडे हा प्रश्न कृतीतून सुटल्याचा दाखला आहे. शामच्या वाटेवर साथीची वार्ता कळताच ह. उमर (रजि.) यांनी परत फिरण्याचे ठरविले. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी तकदीरपासून पळण्याविषयी विचारले, तेव्हा अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे आपण जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. रोज रोग्यांना औषध देणाऱ्या मूसा यांना हे उत्तर परके वाटले नसते.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाशीही या चरित्राचा धागा जुळतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांना धर्मविधी पुन्हा शिकविणारा दाऊद राहाबी हा मूसा यांचा भाऊच होता, असे काहींनी मानले. समुद्रात बुडालेला माणूस कोकणात वाचून निघाला, ही कल्पना हृद्य खरी, पण इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याकडे बोट दाखविणारे अभ्यासक अधिक विश्वसनीय वाटतात. (नवस फेडताना हा समाज पैगंबर इलियास यांच्या नावे मलिदा करतो, शब्द आपल्या घरांतही अनोळखी नाही.) स्वतः मूसा यांनी उतारवयातील एका पत्रात हिंदुस्थानच्या यहुद्यांचा उल्लेख केला आहे: त्यांना शनिवारचा विसावा आणि खतना यांपलीकडे फारसे ठाऊक नाही, असे त्यांच्या कानी आले होते.

डिसेंबर 1204 मध्ये, म्हणजे हिजरी 601 मध्ये, मूसा फुस्तातला निवर्तले. तबरिया येथे त्यांची कबर दाखविली जाते. मुलगा इब्राहीम त्यांच्यामागे हकीम आणि समाजाचा प्रमुख झाला; सूफींच्या साधनेविषयी त्याला मोठा आदर होता.

ईश्वराचे नाव असलेला कागद फेकायचा नाही, या रिवाजाने फुस्तातच्या यहुदी प्रार्थनास्थळातील एका कोठडीत शतकानुशतके कागद साठत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते अभ्यासकांच्या हाती आले. त्यांत दाऊदने ऐदाबहून लिहिलेले ते पत्रही निघाले. ते आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.