ओल्गा बेर्गोल्त्स : वेढ्यातील शहराचा आवाज



चरित्राचा विचार करताना आपण सामान्यतः एका व्यक्तीचा विचार करतो. परंतु काही व्यक्तींचे कार्य त्यांच्या सहकाऱ्यांपासून वेगळे काढून सांगताच येत नाही. रशियन कवयित्री ओल्गा बेर्गोल्त्स (१९१०–१९७५) यांचे चरित्र या प्रकारचे आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याने वेढा घातला असता तेथील नभोवाणी केंद्रातील कवी, निवेदक, नट आणि वादक यांनी उपासमारीतही आपले काम चालू ठेवले. बेर्गोल्त्स या त्या समूहातील एक होत्या. हे चरित्र वाचताना एक प्रश्न तुम्ही सतत मनाशी ठेवावा : ज्या काळात खरे बोलण्यावर बंधने असतात, त्या काळात लेखकाने लोकांशी कोणत्या भाषेत बोलावे?

जडणघडण

बेर्गोल्त्स यांचा जन्म १९१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. पुढे याच शहराचे नाव लेनिनग्राड झाले. वडील फ्योदोर हे डॉक्टर होते आणि त्यांचे आडनाव जर्मन वळणाचे होते. हा तपशील येथे किरकोळ वाटेल, पण पुढे तो महत्त्वाचा ठरतो, म्हणून ध्यानात ठेवावा. बेर्गोल्त्स यांचे बालपण शहराच्या कामगार वस्तीत आणि यादवी युद्धाच्या काळात उग्लिच या गावी गेले. तरुणपणीच त्या कवींच्या एका मंडळात सामील झाल्या. लेनिनग्राड विद्यापीठात भाषा-साहित्याचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी कझाकस्तानात वार्ताहर म्हणून आणि नंतर लेनिनग्राडमधील एका विद्युतयंत्रांच्या कारखान्याच्या वृत्तपत्रात काम केले. क्रांतीवर आणि नव्या समाजरचनेवर त्यांची मनापासून श्रद्धा होती.

१९३० च्या दशकाने या श्रद्धेची कठोर परीक्षा घेतली. त्यांच्या दोन्ही लहान मुली आजाराने दगावल्या. पहिले पती, कवी बोरिस कोर्निलोव, यांना १९३८ मध्ये खोट्या आरोपांखाली गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्वतः बेर्गोल्त्स यांना अटक झाली. त्या वेळी त्या गर्भवती होत्या. तुरुंगात त्यांनी ते मूलही गमावले. जुलै १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली. ज्या राजवटीने त्यांना असे पोळले, तिच्याच रेडिओवरून त्या दोन वर्षांनी बोलू लागल्या. ही विसंगती दृष्टीआड केली तर हे चरित्र समजणार नाही.

वेढा आणि रेडिओगृह

८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडचा जमिनीवरील संपर्क तुटला. हा वेढा २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस राहिला. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये कारखान्यांत काम न करणाऱ्यांना दिवसाला केवळ १२५ ग्रॅम पाव मिळत असे आणि त्या पावातही भेसळ असे. वीज, पाणी आणि ट्राम बंद पडली. सहा लाखांहून अधिक नागरिक या वेढ्यात मरण पावले. त्यांतील बहुतेक भुकेने गेले.

अशा शहरात रेडिओचे स्थान काय होते, हे समजण्यासाठी त्याची रचना जाणून घ्यावी लागेल. युद्धाच्या आरंभीच नागरिकांकडील रेडिओसंच सरकारजमा झाले होते. घराघरांत भिंतीवर काळ्या थाळीसारखे ध्वनिक्षेपक होते आणि ते तारेने मध्यवर्ती केंद्राशी जोडलेले होते. कार्यक्रम नसताना त्यांवरून तालमापकाचा ठोका ऐकू येई. संथ ठोका म्हणजे शांतता, जलद ठोका म्हणजे हवाई हल्ला. ज्या खोलीत कुटुंबातील एकच माणूस उरला असेल, तेथेही तो ठोका शहर जिवंत असल्याची खूण देत असे.

युद्ध सुरू होताच बेर्गोल्त्स रेडिओगृहात कामाला लागल्या. साहित्य विभागाची जबाबदारी गिओर्गी माकोगोनेंको यांच्याकडे, तर कलाविषयक कार्यक्रमांची याकोव बाबुश्किन यांच्याकडे होती. आरंभी आन्ना अख्मातोवा आणि संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच हेही येथून श्रोत्यांशी बोलले. थंडी वाढली तशी कर्मचारी मंडळी इमारतीतच राहू लागली. घरी चालत जाऊन परत येण्याइतकी शक्ती अनेकांत उरली नव्हती. एकाच्या अंगात बळ नसेल त्या दिवशी दुसऱ्याने त्याचे काम करायचे, अशी ही व्यवस्था होती.

जानेवारी १९४२ मध्ये विजेअभावी शहराच्या बऱ्याच भागांत प्रक्षेपण थांबले. तेव्हा नागरिक काठी टेकत रेडिओगृहात चौकशीला येऊ लागले. भूक सोसता येते, पण ही निःशब्दता सोसवत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्याच महिन्यातील एका रात्री बेर्गोल्त्स, बाबुश्किन आणि माकोगोनेंको यांनी एका ग्रंथाचा आराखडा तयार केला. लेनिनग्राडचा रेडिओ वेढ्यात काय बोलला, हे त्यात नोंदवायचे होते. उद्याच्या पावाची खात्री नसताना ही माणसे पुढील वाचकाचा विचार करीत होती. महिना संपण्यापूर्वी बेर्गोल्त्स यांचे दुसरे पती, साहित्याभ्यासक निकोलाय मोल्चानोव, रुग्णालयात निधन पावले. ते आधीपासूनच आजारी होते, उपासमारीने त्यांचा अंत झाला. त्यानंतरच्या महिन्यात बेर्गोल्त्स यांनी ‘फेब्रुवारीची दैनंदिनी’ हे दीर्घकाव्य लिहिले.

संबोधनाची निवड

आता भाषेकडे वळू. बेर्गोल्त्स यांच्या डिसेंबर १९४१ मधील एका कवितेत कवयित्री आपल्या शेजारणीशी बोलते. तिला त्या आदराने, पण घरगुती जवळिकीने हाक मारतात. आपल्याकडे ‘नागरिक बंधु-भगिनींनो’ आणि ‘अहो वहिनी, जरा बसता का’ या दोन संबोधनांत जो फरक आहे, तो येथे लागू होतो. पहिले संबोधन व्यासपीठावरून येते, दुसरे दाराच्या उंबऱ्यावरून. सरकारी घोषणांची भाषा पहिल्या प्रकारची होती. बेर्गोल्त्स यांनी दुसरी निवडली.

प्रत्येक मजकूर नियंत्रकांच्या नजरेखालून जात असे. मृतांची संख्या सांगण्याची मुभा नव्हती. तथापि काळोख, थंडी, पावाचा तुकडा, बर्फावरून ओढली जाणारी घसरगाडी यांविषयी त्या बोलत. श्रोत्याला जे ठाऊक होते, ते त्यांनी नाकारले नाही. त्यांच्या शब्दांवर लोकांनी विश्वास ठेवला, याचे हे प्रमुख कारण होय.

मार्च १९४२ मध्ये त्यांना विमानाने मॉस्कोला नेण्यात आले. तेथे अन्न होते, ऊब होती. मात्र लेनिनग्राडमधील उपासमारीविषयी उघड बोलण्यास मनाई होती. याच सुमारास त्यांच्या वडिलांना शहरातून काढून सायबेरियात पाठवण्यात आले. त्यांचे जर्मन आडनाव त्यांना भोवले होते. बेर्गोल्त्स मॉस्कोत सुखाने राहू शकल्या असत्या, पण त्या एप्रिलमध्ये वेढ्यातील शहरात आणि आपल्या सहकाऱ्यांत परतल्या.

वाद्यवृंद

रेडिओच्या वाद्यवृंदाची कथा याच समूहाची आहे. हिवाळ्यानंतर वाजवण्याच्या स्थितीत जेमतेम पंधरा वादक उरले होते. निर्देशक कार्ल एलिआसबर्ग स्वतः अशक्त झाले होते. बाबुश्किन यांच्या पुढाकाराने वादकांची जुळवाजुळव झाली, त्यांना वाढीव शिधा मिळाला, आघाडीवरील सैनिकांतूनही वादक बोलावण्यात आले. पहिली तालीम काही मिनिटांतच थांबवावी लागली, कारण फुंकून वाजवण्याची वाद्ये पेलण्याइतका श्वासच वादकांकडे नव्हता. शोस्ताकोविच यांच्या सातव्या सिंफनीची स्वरलिपी विमानाने शहरात आली आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी ती रचना भरलेल्या सभागृहात सादर झाली. कार्यक्रमात व्यत्यय येऊ नये म्हणून सोव्हिएत तोफखान्याने शत्रूच्या तोफा आधीच थोपवून धरल्या होत्या. ध्वनिक्षेपकांवरून हे संगीत शहरभर ऐकू गेले. श्रोत्यांत बेर्गोल्त्सही होत्या.

१८ जानेवारी १९४३ रोजी वेढ्याला पहिले खिंडार पडले. त्या रात्री ही वार्ता ऐकणाऱ्या शहराशी बोलणाऱ्यांत बेर्गोल्त्स यांचाही आवाज होता. बाबुश्किन यांना मात्र त्याच वर्षी रेडिओतून दूर करण्यात आले. पुढे ते आघाडीवर गेले आणि १९४४ मध्ये मारले गेले. ज्यांनी समूह उभा केला, त्यांनाच त्याचे श्रेय भोगता आले नाही.

उत्तरकाल

युद्धानंतर बेर्गोल्त्स यांच्या रेडिओ-भाषणांचा ‘लेनिनग्राड बोलत आहे’ हा संग्रह १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण काही वर्षांतच लेनिनग्राडच्या नेत्यांवर राजकीय संकट कोसळले, वेढ्याची आठवणही संशयास्पद ठरली आणि हे पुस्तक ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आले. अख्मातोवांवर अधिकृत बहिष्कार आला तेव्हा बेर्गोल्त्स यांनी त्यांच्याशी संबंध तोडला नाही.

रेडिओवर जे बोलता आले नाही, ते बेर्गोल्त्स यांनी खाजगी दैनंदिनीत लिहिले होते. तुरुंग, राज्यकर्त्यांचे असत्य, मॉस्कोतील मौन, स्वतःची घालमेल हे सारे तीत आहे. १९४९ मध्ये झडतीच्या भीतीने या लेखनाची एक वही बाकाच्या खालच्या बाजूस खिळ्याने ठोकून लपवण्यात आली. दैनंदिनीचे समग्र प्रकाशन त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झाले. १९५९ मध्ये ‘दिवसाचे तारे’ हे त्यांचे आत्मपर गद्य प्रसिद्ध झाले. १९६० मध्ये पिस्कार्योव्स्कोये दफनभूमीतील स्मारकावर त्यांच्या ओळी कोरण्यात आल्या. वेढ्यातील असंख्य मृत तेथे सामूहिक कबरींत विसावले आहेत. आपणही त्यांच्याजवळ असावे, ही बेर्गोल्त्स यांची इच्छा होती. १३ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना अन्यत्र, लेखकांच्या दफनभूमीत पुरण्यात आले.

समारोप

बेर्गोल्त्स यांच्या रेडिओवरील शब्दांना काही अभ्यासक तडजोड म्हणतील. दैनंदिनी खरी आणि भाषणे प्रचारकी, अशी विभागणी करणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. दैनंदिनी स्वतःशी प्रामाणिक होती आणि रेडिओवरील शब्द अंधाऱ्या खोलीतील श्रोत्याशी. या दोहोंत जे अंतर पडले, त्याची किंमत बेर्गोल्त्स यांनी स्वतः मोजली. आणि हे शब्द त्यांच्या एकटीच्या बळावर उमटत नव्हते. कोणी तारा सांभाळीत होते, कोणी पाव वाटून घेत होते, कोणी दुसऱ्याच्या जागी वाचत होते.

तुम्हीही दिवसाचे काम आटोपून, बहुधा एकटेच बसून ही पुस्तिका वाचत असाल. समोर वर्ग नसताना दुसऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या शब्दाचे मोल तुम्हाला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या अनुभवाच्या आधारे पुढील प्रश्नांचा विचार करा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये रेडिओचे महत्त्व कोणत्या कारणांनी वाढले, ते स्पष्ट करा.
२. बेर्गोल्त्स यांनी निवडलेल्या संबोधनाचे वेगळेपण मराठीतील उदाहरणे देऊन विशद करा.
३. बेर्गोल्त्स यांची दैनंदिनी आणि रेडिओ-भाषणे यांतील संबंधाविषयी या घटकात मांडलेले मत तुम्हाला पटते काय? सकारण लिहा.
४. समूहाचे कार्य एका व्यक्तीच्या चरित्रातून सांगताना लेखकाने कोणती दक्षता घ्यावी?