ऊन-वारा मोजणाऱ्या ॲना मणी

ऊन, वारा आणि पाऊस मोजणारी उपकरणे आपल्याच देशात तयार व्हावीत, यासाठी पुण्यात झटलेल्या शास्त्रज्ञ ॲना मणी यांची ओळख यंदाच्या स्मरणिकेत आम्ही करून देत आहोत.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोरमधील पीरमेड येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. घरच्या रिवाजाप्रमाणे आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांची कर्णभूषणे मिळायची होती. ती नाकारून या मुलीने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. पुढे हिरे हाती आले, ते बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. हिऱ्यांच्या वर्णपटाचे एकेक छायाचित्र घ्यायला पंधरा-वीस तास लागत. कित्येक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे गेला. मात्र एम.एस्सी. झालेली नाही, या कारणावरून पीएच.डी. नाकारण्यात आली.

भौतिकशास्त्र शिकण्याच्या इच्छेने त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. पण शिष्यवृत्ती मिळाली ती हवामानाच्या उपकरणांसाठी. तोच विषय त्यांनी आपला केला. १९४८ मध्ये परतून त्या पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर तापमापकासारख्या साध्या वस्तूही परदेशातून आणाव्या लागत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच घडवण्याचा मार्ग मोकळा केला. हाताखाली १२१ जण होते आणि ते सर्व पुरुष. काम मात्र चोख लागे, कारण चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले परवडले, असे त्या मानत.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. फुग्याबरोबर आकाशात जाऊन ओझोन मोजणारे उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे त्यांचे ग्रंथ सौरऊर्जेवर काम करणाऱ्यांचा आधार ठरले. पवनचक्क्यांसाठी कोठे किती वारा मिळेल, याचीही मोजणी त्यांनी देशभर करवून घेतली.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. पदवी हुकल्याची खंत त्यांनी बाळगली नाही; आम्हांला मात्र ती वाटते. त्यांचा प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बांधणी करून जपून ठेवलेला आहे. त्यावर पीएच.डी.ची मोहोर कधीच उमटली नाही.