पोकळ सुईचा नेत्रवैद्य : अम्मार अल-मौसिली

साधारण हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. पॅलेस्टाईनमधील तबरिया या सरोवराकाठच्या शहरात मोतीबिंदूचा एक रुग्ण अम्मार बिन अली या नेत्रवैद्याकडे आला. ऑपरेशनला तो तयार होता. अडचण एकच होती. त्याला उताणे झोपता येत नव्हते.

आज ही अडचण किरकोळ वाटेल. त्या काळी मात्र त्यामुळे ऑपरेशनच होऊ शकत नव्हते. तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे डोळ्यात सुई घालून पांढरे पडलेले भिंग बाहुलीसमोरून खाली ढकलायचे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही शलाकेने करायच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. ढकललेले भिंग डोळ्यातच राही. रुग्ण हलला की ते पुन्हा वर येण्याची भीती असे. म्हणून त्याला दिवसचे दिवस उताणे निजवून ठेवत.

अम्मार यांनी धातूची एक पोकळ सुई तयार केली होती, पण तोवर कोणाच्याही डोळ्यावर ती वापरलेली नव्हती. या रुग्णासाठी त्यांनी ती प्रथम हाती घेतली आणि मोतीबिंदू खाली न ढकलता शोषून बाहेर काढला. त्या माणसाला लगेच दिसू लागले. डोळ्यावर सात दिवस पट्टी राहिली, पण झोपायचे कसे ते त्याच्या सोयीवर सोडले होते.

अम्मार मूळचे इराकमधील मोसुलचे, म्हणून अल-मौसिली. अरबीत नेत्रवैद्याला कह्हाल म्हणतात. डोळ्यात घालायच्या सुरम्याला असलेल्या ‘कुह्ल’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. या कह्हालाने पूर्वेला खुरासानपर्यंत प्रवास केला, गावोगावी रुग्ण तपासले आणि शेवटी इजिप्तमध्ये बस्तान बसवले. खलिफा अल-हाकिम यांचा तो काळ. प्रकाशशास्त्राचे महापंडित इब्न अल-हैसम हेही तेव्हा इराकहून कैरोत आले होते. इजिप्तमध्ये अम्मार यांनी त्या सुईने अनेक ऑपरेशने केली आणि नेत्ररोगांवरचा आपला ‘अल-मुन्तखब’ हा ग्रंथ खलिफाला अर्पण केला.

या ग्रंथात त्यांनी मोतीबिंदूच्या सहा ऑपरेशनांची हकिकत तपशीलवार लिहिली आहे. तेराव्या शतकात नाथान हा-मेआती या ज्यू विद्वानाने इटलीत त्याचे हिब्रू भाषांतर केले. १९०५ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ युलियस हिर्शबर्ग यांनी तो जर्मन वाचकांपर्यंत पोहोचवला. मुसलमान वैद्याचे ज्ञान असे हातोहात पुढे गेले.

त्या सुईलाही मर्यादा होत्या. मऊ मोतीबिंदूच तिने शोषता येई, कठीण झालेला नाही. शिवाय डोळ्यात पाणी उतरल्याने मोतीबिंदू होतो, असे त्या काळचे वैद्य मानत. प्रत्यक्षात डोळ्याचे भिंगच गढूळ होते, हे १७०५ मध्ये फ्रेंच वैद्य ब्रिसो यांनी दाखवले. १७४७ मध्ये दाव्हिएल यांनी भिंग बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया केली. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक नळीने शोषून घेण्याची पद्धत आणली. आज मोतीबिंदूची असंख्य ऑपरेशने याच पद्धतीने होतात.

भिंग डोळ्यात राहू द्यायचे की बाहेर काढायचे, हा प्रश्न केवळ नजरेपुरता नाही. डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि बारीक वाटांनी बाहेर जातो. मोतीबिंदू फार पिकला, की भिंग फुगून ही वाट दाबते किंवा त्यातून पाझरलेला अंश ती तुंबवतो. जागेवरून सरकलेले भिंगही असाच घात करू शकते. मग डोळ्यातला दाब वाढतो. हा काचबिंदूचाच प्रकार. दाबामुळे दृष्टीची नस मेली, तर गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. म्हणून डॉक्टर आधी औषधांनी दाब उतरवतात आणि मग ते भिंगच काढून टाकतात.

तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदू पिकू द्या, असा सल्ला अजून मिळतो. कोणी रमजान उलटण्याची वाट पाहतो, कोणी सुगी आटोपण्याची. नुसते धूसर दिसत असेल, तर ऑपरेशन कधी करायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. पण डोळा लाल होऊन ठणकू लागला, डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर तो डोळा ईदपर्यंत थांबत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.

तबरियाच्या त्या रुग्णाला अम्मार यांनी परत पाठवले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. रूढ पद्धत त्याला सोसवणारी नव्हती, हे कारण पुरेसे होते. त्यांनी रुग्णाला नाही, तर पद्धतीला बाजूला सारले.