प्रयोगशील योगी

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी कर्जत सोडते आणि बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत बोरघाट चढू लागते. घाटमाथ्यावर प्रथम खंडाळा आणि मग लोणावळा ही गावे लागतात. हा मावळचा मुलूख. एका बाजूला लोहगड व विसापूर हे किल्ले उभे आहेत, तर जवळच कार्ल्याची प्राचीन लेणी आहेत. शिवछत्रपतींना निष्ठावंत मावळे देणाऱ्या या भूमीत १९२४ साली एक आगळी संस्था जन्माला आली. ती आश्रमही होती आणि प्रयोगशाळाही. तेथे आसनांचा व प्राणायामाचा अभ्यास चाले आणि त्या अभ्यासाने शरीरात काय घडते, याची यंत्रांनी मोजणीही होई. संस्थेचे नाव कैवल्यधाम आणि तिचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

स्वामींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. पण त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई या गावी झाला. वडील शिक्षक होते. घरची स्थिती इतकी बेताची होती, की जगन्नाथाला शिक्षणासाठी इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. परंतु दारिद्र्याने त्याची बुद्धी झाकोळली नाही. १९०३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा देताना त्याने संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि तिच्या बळावर बडोद्याच्या महाविद्यालयाचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला.

बडोद्यात या तरुणावर दोन प्रकारचे संस्कार झाले. एक देशभक्तीचा. अरविंद घोष तेव्हा बडोद्यास होते आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी सारा महाराष्ट्र भारला होता. आपले आयुष्य लोकसेवेस वाहावयाचे, असा निश्चय जगन्नाथाने केला आणि आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. दुसरा संस्कार व्यायामाचा. जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. पदवी मिळाल्यावर ते खानदेशात अमळनेरला गेले. तेथील शिक्षणकार्यात त्यांनी स्वतःस झोकून दिले आणि १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

१९१९ मध्ये त्यांच्या आयुष्यास वळण लागले. नर्मदेच्या काठी मालसर या गावी परमहंस माधवदासजी नावाचे वृद्ध योगी राहत असत. त्यांच्या चरणांपाशी बसून गुणे यांनी योगविद्या शिकून घेतली. अभ्यास वाढला, तसे शरीरात व मनात होणारे पालट त्यांना स्पष्टपणे जाणवू लागले. दुसऱ्या एखाद्या शिष्याचे एवढ्याने समाधान झाले असते. गुणे यांचे झाले नाही. हे पालट घडतात कसे? ते खरोखर घडतात, की मनाचे खेळ असतात? हे प्रश्न त्यांची पाठ सोडीनात.

हे प्रश्न नवे नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात ते पुनःपुन्हा विचारले गेले आहेत. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील ग्लासगो या शहरी जोसेफ लिस्टर नावाचे शल्यचिकित्सक होते. त्या काळी शस्त्रक्रिया उत्तम पार पडली, तरी पुढे जखमेत पू होऊन पुष्कळ रोगी दगावत. १८६५ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले आणि हाड मोडून कातडीबाहेर आले. लिस्टर यांनी त्याच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या पट्ट्या बांधल्या. जखम चिघळली नाही आणि सहा आठवड्यांत मुलाचा पाय बरा झाला. पण एक मुलगा बरा झाला एवढ्याने उपाय सिद्ध होत नाही. म्हणून लिस्टर यांनी पुढे हिशेब मांडला. पूर्वीच्या दोन वर्षांत अवयव कापावा लागलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. नव्या उपायानंतरच्या तीन वर्षांत अशा ४० रोग्यांपैकी ६ दगावले. हे आकडे जगापुढे आले आणि शल्यविद्येत नवे युग सुरू झाले. शस्त्रक्रिया कशी झाली, एवढेच न पाहता तिच्यानंतर रोग्याचे काय झाले, हेही पाहावयास हवे, हा धडा वैद्यकाने अशा अनुभवांतून घेतला.

योगासही हीच कसोटी लावावी, असे गुणे यांनी ठरविले. हा निर्णय सोपा नव्हता. एका बाजूने जुन्या पंथाच्या लोकांना वाटे, की पवित्र विद्येस यंत्रांच्या हवाली करणे हा तिचा अपमान आहे. दुसऱ्या बाजूने अनेक सुशिक्षित लोक योगास केवळ भोळसटपणा समजत. आणि या दोहोंहून मोठी अडचण गुणे यांच्या स्वतःच्या अंतःकरणात होती. ज्या गुरूवर आपली निष्ठा, त्याची विद्या तराजूत घालावयाची. आणि तराजूचा काटा उलट बाजूस झुकला तर? तरीही त्यांनी पाऊल मागे घेतले नाही.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पहिले प्रयोग केले. श्वास पूर्ण सोडून पोट आत आणि वर ओढून घेण्याच्या क्रियेस उड्डियान म्हणतात. आणि त्याच स्थितीत पोटाचे मधले उभे स्नायू आवळून पुढे काढण्याच्या क्रियेस नौली म्हणतात. या क्रिया चालू असताना शरीराच्या आत काय होते, हे गुणे यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. शेकडो वर्षे ज्या क्रियांचे वर्णन ग्रंथांत होते, त्या आता डोळ्यांनी पाहता येऊ लागल्या. १९२१ मध्ये माधवदासजींनी देह ठेवला. गुरू गेले, परंतु शिष्याने हाती घेतलेले काम थांबले नाही.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात एका भागात प्रयोगांची शास्त्रीय माहिती असे आणि दुसऱ्या भागात सामान्य वाचकांसाठी योगाचे विवेचन असे. प्रयोग कसा केला, कोणावर केला, आकडे काय आले, हे सारे छापून प्रसिद्ध करावयाचे, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला ते तपासून पाहता येईल, अशी ही रीत होती. गुप्त ठेवावयाची विद्या म्हणून जिची ख्याती, ती आता उघड्या पानांवर आली.

या प्रयोगांपैकी एक विशेष प्रसिद्ध आहे. योगी लोक पाण्यात बसून नौलीच्या साहाय्याने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेत आणि आतडे धुऊन काढीत. पंप नाही, पिचकारी नाही. मग पाणी वर चढते कसे? स्वामींनी आतड्यातील दाब दाबमापक यंत्राने मोजला. नौली सुरू होताच आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, असे यंत्राने दाखविले. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला, की आत पोकळी होते आणि पाणी आपोआप शिरते. तसाच हा प्रकार होता. यात चमत्कार नव्हता, निसर्गाचा नियमच होता. या शोधास स्वामींनी स्वतःचे नाव दिले नाही. आतड्यात निर्माण होणाऱ्या त्या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. ज्या विद्येची परीक्षा घेतली, तिच्या दात्याचे ऋण ते विसरले नाहीत.

पुढे शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन अशा आसनांत रक्तदाब किती चढतो व किती उतरतो, याचीही मोजणी झाली. यंत्रांचे आकडे स्वामींच्या श्रद्धेला अनुकूल येत होते, तोवर सारे सोपे होते. परंतु खरी कसोटी प्राणायामाच्या वेळी लागली.

प्राणायामात माणूस दीर्घ श्वास घेतो. त्यामुळे शरीरास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्रकृती सुधारते, असा समज तेव्हा सर्वत्र रूढ होता. योगाचे अभिमानी हेच कारण मोठ्या उत्साहाने सांगत. नव्या विज्ञानाच्या भाषेतील हे कारण ऐकावयास मोठे गोड वाटे. स्वामींनी तेही तपासले. प्राणायामातील एकेक श्वास मोठा असतो हे खरे. पण तो सावकाश घेतला जातो आणि मध्ये रोखून धरला जातो, त्यामुळे एका मिनिटातील श्वासांची संख्या फार कमी होते. सगळा हिशेब केल्यावर अधिक प्राणवायू मिळतो ही गोष्ट सिद्ध होईना. स्वामींनी हा निष्कर्ष लपविला नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नसून ते अन्यत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले पाहिजे, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. जी विद्या लोकांत रुजविण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तिच्या बाजूचे एक लोकप्रिय कारण त्यांनी आपल्याच हातांनी बाजूला सारले.

एका माणसाच्या मोजणीने शास्त्राचे शेवटचे पान लिहिले जात नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन हे लोणावळ्यास येऊन स्वामींपाशी योग शिकले. पुढे त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचा खप वाढलेला दिसला. गुरूच्या निष्कर्षाशी शिष्याचे आकडे जुळले नाहीत. पण दोघांनीही ते उघडपणे मांडले, म्हणूनच पुढील संशोधकांना वाट मोकळी झाली.

कैवल्यधामाची कीर्ती पसरू लागली, तसे आजारी लोकही तेथे येऊ लागले. १९२७ च्या सुमारास महात्मा गांधींनीही आपल्या प्रकृतीसाठी स्वामींचा सल्ला घेतला. १९३२ मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली. पुढे लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आणि यौगिक उपचारांचे रुग्णालय उभे राहिले. आता प्रश्न केवळ शरीराच्या व्यापारांचा नव्हता, रोग्याच्या सुखदुःखाचा होता. रोगी येताना कसा होता, त्याला कोणत्या क्रिया दिल्या आणि काही काळाने त्याची स्थिती काय झाली, हे पाहिल्यावाचून उपचारास शास्त्र म्हणता येत नाही. १९६३ मध्ये स्वामींनी डॉ. विनेकर यांच्यासह यौगिक उपचारांची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक लिहिले. ते भारत सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांनी देह ठेवला. त्यांच्यामागे लोणावळ्याचे कैवल्यधाम आपले काम करीत राहिले.

स्वामींनी धरलेली वाट किती मोलाची होती, हे आजही रुग्णालयात गेल्यास कळते. पोटावर किंवा छातीवर मोठी शस्त्रक्रिया झाली, की टाके दुखतात म्हणून रोगी खोल श्वास घेण्यास भितो. त्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुलत नाही, कफ साचतो आणि कधी न्यूमोनियासारखा नवाच आजार उद्भवतो. हे टळावे म्हणून अनेक रुग्णालयांत रोग्यांना श्वसनाचे व्यायाम शिकविले जातात. त्यांचा उपयोग होतो की नाही, हे मात्र कोणी आवडीनिवडीने ठरवीत नाही. रोग्यांचे दोन गट केले जातात. एका गटास व्यायाम देतात, दुसऱ्यास देत नाहीत. आणि शस्त्रक्रियेनंतर कोणत्या गटातील किती जणांना त्रास झाला, हे मोजतात. ग्लासगोच्या लिस्टर यांनी रोग्यांचा हिशेब मांडला, तो याच मार्गाचा आरंभ होता. आणि मावळच्या डोंगरांत दाबमापक घेऊन बसलेले स्वामीही त्याच मार्गाचे प्रवासी होते.

आपल्या आवडत्या गोष्टीची स्तुती करणे सोपे असते. तिची परीक्षा घेणे कठीण असते, आणि त्या परीक्षेचा निकाल आपल्या मनाविरुद्ध लागला तरी तो जगास सांगणे सर्वांत कठीण असते. स्वामी कुवलयानंदांनी ही तिन्ही कामे केली. त्यांची श्रद्धा डोळस होती; म्हणूनच ती टिकली.