तबकडीत राहिलेले खाँसाहेब : अब्दुल करीम खाँ

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याचा छंद हा ग्रंथसंग्रहाचाच धाकटा भाऊ होय. तीच धूळ, तीच वाळवीची नव्हे तरी बुरशीची धास्ती, आणि हवी ती वस्तू नको त्या दिवशी हाती लागण्याचा तोच योग. पाश्चात्त्य देशांत या छंदाचे मानाचे पान पियानोवादनाच्या तबकड्यांना मिळाले आहे. आर्तुर श्नाबेल या वादकाने १९३२ ते १९३५ या काळात बीथोवनच्या बत्तीसही पियानो सोनाटा लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केल्या. कंपनीने आधी वर्गणीदार मिळविले आणि मग ते संच काढले; त्या तबकड्यांसाठी संग्राहक अद्याप जीव टाकतात. जवळजवळ त्याच वर्षांत आपल्या मिरजेचा एक साठी ओलांडलेला गवई ओडियन कंपनीच्या ध्वनिक्षेपकासमोर बसला होता. त्याच्या तबकड्यांसाठी कोणी वर्गणीदार नोंदविले नव्हते. त्या पानाच्या दुकानातून, उपाहारगृहांतून आणि मध्यमवर्गीयांच्या ओसरीवरून वाजल्या व वाजून वाजून झिजल्या.

हे गवई म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेतील कैराना या गावी त्यांचा जन्म झाला. गावाचेच नाव पुढे त्यांच्या घराण्यास लाभले. वडील काले खाँ व चुलते यांच्याकडे त्यांची तालीम झाली. सारंगी व बीन या वाद्यांतही त्यांचा हात फिरत असे, आणि वाद्ये दुरुस्त करण्यात ते कारागिरांच्या तोडीचे होते. तरुणपणी बडोदा दरबारी असताना तेथील सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचे सूत जुळले. उभयतांनी बडोदे सोडले. त्यानंतर खाँसाहेब महाराष्ट्राचेच झाले. जन्मभाषा उर्दू खरी, पण कर्मभूमी कृष्णाकाठची.

१९१३ साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व, बहिरेबुवा, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, पुढे रोशनआरा बेगम, अशी शिष्यमंडळी त्यांच्या पायाशी घडली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींच्या मोजमापाचा जो उद्योग आरंभिला होता, त्यातही खाँसाहेबांचा गळा साक्षीला होता. पियानो किंवा हार्मोनियमच्या बारा पट्ट्यांत न सापडणारा कोमल गांधार नेमका कोठे उभा राहतो, हे ते गाऊन दाखवीत. देवलांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रकारांचा तो वाद पुढे बराच रंगला. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही. पण स्वर सुरेल म्हणजे किती सुरेल असावा, याचे खाँसाहेबांना लागलेले वेड त्यातून कळते. तंबोरा जुळेपर्यंत बैठक थांबविणारा हा माणूस होता.

अशा माणसाने तबकडीपुढे गावे हेच मुळी नवल. पहिल्यांदा ते १९०४-०५ च्या सुमारास गायले. तेव्हा वीज नव्हती. कर्ण्याच्या तोंडाशी बसून गावे लागे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढी. हिंदुस्थानात तबकड्या घडविणारा कारखाना १९०८ पर्यंत नव्हता, म्हणून मूळ मेण जर्मनीतील हॅनोव्हरला जाई. तेथील कामगारांना गवई ओळखू यावा म्हणून गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगण्याची त्या काळच्या अनेक कलावंतांना सवय लागली. त्या तबकड्यांचा वेगही एकसारखा नसे. आजच्या यंत्रावर अठ्ठ्याहत्तरच्या गतीने त्या लावल्या तर गायकाची पट्टी भलतीच वर चढते. म्हणून जाणता संग्राहक आधी वेग ठरवितो, मग गाण्यावर मत देतो. काही समीक्षकांनीही हा क्रम पाळला असता तर बरे झाले असते.

नंतर सुमारे तीन दशके मौन. या काळात संसार मोडला. १९२० च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर झाली. पित्याचे नाव कोणत्याच मुलाने लावले नाही. खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले. हिराबाईंच्या तबकड्या घरोघरी गेल्या, बापाच्या तबकड्याही गेल्या. एकाच कपाटात, एकाच खणात त्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही एकापाठोपाठ लावून पाहाव्यात. नावातून जे वगळले गेले ते स्वर लावण्याच्या रीतीत ऐकू येते.

१९३४ ते १९३६ या काळातील ओडियनच्या मुद्रिका विजेवरच्या. एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे. ज्यांची बढत तासाच्या हिशेबाने चालायची त्यांनी त्या चिमूटभर वेळात राग बसविला. झिंझोटीतील ठुमरी, भैरवीतील ‘जमुना के तीर’, ‘मानापमान’ नाटकातले देवगांधारातील पद हे त्या साठ्यातले धन होय. लहानपणी ऐकलेल्या त्यांच्या तबकडीने आपण गाण्याकडे ओढले गेलो, असे भीमसेन जोशी सांगत असत.

मला स्वतःला मात्र त्यांतील एक मुद्रिका विशेष मोलाची वाटते, आणि भाग्यनगरच्या वाचकांनाही ती वाटावी. म्हैसूर दरबारी जाणे-येणे असल्याने खाँसाहेबांना कर्नाटक संगीताचा लळा होता. तेथेच ‘संगीतरत्न’ ही पदवी मिळाली. त्यांनी त्यागराजांची खरहरप्रिया रागातील तेलुगू कृती तबकडीवर गायिली. कैरान्याचा मुसलमान उस्ताद, मिरजेचा रहिवासी, आणि शब्द तेलुगू! आपल्या शहरात या तिन्ही भाषा रोज एकमेकींच्या अंगावरून जातात, पण एका श्वासात अशा क्वचितच येतात. बडे गुलाम अली खाँ १९६८ मध्ये याच नगरीत निवर्तले व दायरा मीर मोमीन येथे विसावले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानात या एका काळ्या तबकडीलाही जागा असावी.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासचा मुक्काम आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीस निघाले. वाटेत गाडीत छातीत दुखू लागले म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळविला, नमाज पढून दरबारी रागात ते ईश्वरास आळवू लागले आणि तशातच २७ ऑक्टोबर रोजी प्राण गेला. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गवयांनी हजेरी लावण्याचा प्रघात पडला.

पुढे ओडियनच्या त्या मुद्रिका कोलंबियाच्या चिठ्ठीखाली निघाल्या, मग दीर्घ वेळाच्या विनाइल तबकड्यांवर आल्या. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने खाँसाहेबांच्या मुद्रिकांची चरित्रासह सूचीच केली. ती हाती असली म्हणजे तबकडीच्या मधल्या मेणात कोरलेला क्रमांक वाचून ती कोणत्या बैठकीची हे ठरविता येते. मी जुम्मेरात बाजारात हा उद्योग बरीच वर्षे करीत आलो आहे. भैरवी दोनदा मिळाली, झिंझोटी एकदा, तीही कडेला चिरलेली. त्यागराजांची कृती अजून मिळायची आहे.