मार्टिन ल्यूथर व त्याचे वडील

आईबापांचा मान राखावा ही आज्ञा लहान मुलास पाळावयास सांगितली म्हणजे तिचा अर्थ सोपा असतो. सांगितलें तें ऐकावें, उलट बोलूं नये, एवढ्यानें काम भागतें. परंतु मुलगा वीस-बावीस वर्षांचा झाला, वडिलांनीं आंखून दिलेली वाट त्याच्या अंतःकरणास पटेनाशी झाली, म्हणजे त्याच आज्ञेचा अर्थ लावतांना भल्याभल्यांची तारांबळ उडते. जर्मनींतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यानें पोपाशीं आणि बादशहाशीं मांडलेला झगडा आमच्या वाचकांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेला आहे. त्यापूर्वीं सुरू झालेला त्याचा एक झगडा घरांतला होता, तो त्याच्या वडिलांशीं. तोच येथें सांगावा असें आम्हीं योजिलें आहे.

ल्यूथराचे वडील हान्स हे म्योरा गांवच्या एका शेतकऱ्याचे थोरले चिरंजीव. त्या मुलखांत शेत धाकट्या मुलाकडे जाण्याची चाल होती. तेव्हां हान्स यांना घर सोडून तांब्याच्या खाणींचा धंदा धरावा लागला. १४८३ सालीं नोव्हेंबरच्या १० तारखेस आइस्लेबेन येथें मार्टिनाचा जन्म झाला, आणि पुढच्याच वर्षीं हें कुटुंब मान्सफेल्ड येथें राहावयास गेलें. तेथें कर्ज काढून, सरदारांकडून तांबें गाळण्याच्या भट्ट्या मक्त्यानें घेऊन, हान्स यांनीं हळूहळू जम बसविला, व गांवच्या कारभारी मंडळींत त्यांची गणना होऊं लागली. आई मार्गारेटा हिनें पाठीवरून सरपण वाहिल्याची आठवण ल्यूथर मोठेपणीं सांगत असे. घरांत शिस्त कडक होती. एका क्षुल्लक अक्रोडापायीं आईनें रक्त निघेपर्यंत मारलें. वडिलांनीं तर एकदां असें बडविलें कीं मुलगा त्यांच्यापासून दूर दूर राहूं लागला, आणि त्याचें मन पुन्हा वळवितां वळवितां वडिलांस पुष्कळ श्रम पडले. या गोष्टी त्यानें स्वतःच सांगितल्या आहेत. एवढ्यावरून हान्स यांस निर्दय ठरविणें बरें नव्हे. छडी त्या काळीं घरोघरीं आणि शाळेशाळेंत होती; पण मारल्यावर मुलाचें मन परत मिळविण्यासाठीं झटणारे बाप त्या काळीं फारसे असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

मुलगा बुद्धिमान होता. त्यास मान्सफेल्ड, माग्देबुर्ग व आइसेनाख येथील शाळांत शिकवून १५०१ सालीं एर्फुर्टच्या विद्यापीठांत पाठविण्यांत आलें. हा सगळा खर्च भट्टीच्या धुरांत राबून मिळविलेल्या पैशांतून होत होता, हें लक्षांत ठेवावें. १५०५ च्या जानेवारींत मार्टिन एम. ए. झाला, सतरा परीक्षार्थ्यांत त्याचा क्रमांक दुसरा आला. वडिलांस इतका आनंद झाला कीं त्या दिवसापासून ते मुलास अरेतुरे करावयाचें सोडून अहोजाहो करूं लागले. जर्मन भाषेंतही आपल्याप्रमाणेंच हा भेद आहे. मुलानें आतां कायदा शिकावा, धंद्यांतील करारमदार व कज्जे त्यानें संभाळावे, एखाद्या श्रीमंत व अब्रूदार घराण्यांतील मुलगी करावी, आणि म्हातारपणीं आपल्यास आधार व्हावें, असा त्यांचा बेत होता. त्यांनीं कायद्याचा मोठा थोरला ग्रंथही विकत घेऊन दिला. अशा बेतांत वाईट असें काय आहे? आमच्या वाचकांपैकीं किती तरी आईबापांच्या मनांत आज नेमका हाच बेत असेल.

त्याच वर्षीं जुलैच्या २ तारखेस मार्टिन घरून एर्फुर्टास परत जात असतां श्टोटर्नहाइम गांवाजवळ त्यास वादळानें गांठलें. जवळच वीज कोसळली. भीतीनें गांगरून त्यानें संत अॅना हिचा धांवा केला व आपण संन्यासी होऊं असा नवस बोलला. संत अॅना ही खाणीवाल्यांची कैवारी. म्हणजे वडिलांची वाट सोडण्याचा नवसही तो वडिलांच्याच धंद्याच्या संतिणीस बोलला! पुढें पंधरा दिवसांच्या आंत, मित्रांस जेवण घालून, त्यांचा निरोप घेऊन, १७ जुलै रोजीं तो ऑगस्टिनी मठांत शिरला. मित्रांचा निरोप घेतला, वडिलांस मात्र विचारलें नाहीं.

हान्स यांच्या रागास पारावार राहिला नाहीं. अहोजाहो संपलें, पुन्हा अरेतुरे सुरू झालें. पुढें साथीच्या रोगांत त्यांचे दोन मुलगे वारले, आणि मार्टिनही गेला अशी आवई उठली. ती खोटी ठरल्यावर, देवाच्या कार्यास एक मुलगा द्यावा असें स्नेह्यांनीं समजाविलें. तेव्हां त्यांनीं मोठ्या नाखुषीनें संमति दिली.

१५०७ च्या मे महिन्यांत मार्टिनानें पाळक म्हणून पहिली मिस्सा केली. वडिलांस सोयीचा दिवस मिळावा म्हणून तो समारंभ लांबणीवर टाकण्यांत आला होता. हान्स वीस घोडेस्वारांनिशीं थाटानें आले व मठाच्या मुदपाकखान्यास त्यांनीं वीस गुल्डेन दिले. सगळें आतां मिटलें अशा समजुतीनें मुलानें पंक्तींत बसल्यावर सहज विचारलें, आपल्यास इतका राग कां आला होता? तेव्हां सगळ्या विद्वान मंडळींच्या देखत बापानें विचारलें कीं, आईबापांचा मान राखावा अशी आज्ञा तुझ्या वाचनांत कधीं आली नाहीं काय? तो वादळांतला चमत्कार म्हणजे सैतानाची भूल नसली म्हणजे मिळविली, असेंही ते म्हणाले. मुलगा निरुत्तर झाला. पुढें त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, आपल्या आयुष्यांत दुसऱ्या कोणत्याही माणसाचे शब्द आपल्या मनांत इतके खोल रुतले नाहींत.

येथें न्याय कोणाच्या बाजूस आहे? आमच्या मतें बापाचें दुःख खरें होतें. आपला बेत मुलानें मोडला हें जितकें त्यांस लागलें, त्याहून त्यानें आपणांस विचारण्यापुरतेंही लेखलें नाहीं हें अधिक लागलें असावें. आणि मुलगा खोटें वागत होता असेंही नव्हे. त्याचा जीव खरोखरच देवासाठीं तळमळत होता.

मधल्या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत: १५१७ ची विटेनबर्ग येथील पंचाण्णव कलमें, १५२१ च्या एप्रिलांत वोर्म्स येथें बादशहापुढें दिलेला जबाब, आणि मग वार्टबुर्गच्या किल्ल्यांतील अज्ञातवास. या अज्ञातवासांत, ज्याच्या डोक्यावर साऱ्या साम्राज्याची हद्दपारी होती, त्या अडतीस वर्षांच्या पुरुषानें संन्यासाच्या नवसांवर एक ग्रंथ लिहिला व तो मान्सफेल्डच्या भट्टीवाल्यास, आपल्या वडिलांस, अर्पण केला. अर्पणपत्रिकेची तारीख २१ नोव्हेंबर १५२१ आहे. तुम्हांस न कळवितां, तुमच्या मनाविरुद्ध मीं नवस केला, तुम्ही रागावलां तें योग्य होतें, आणि तो नवस ईश्वराच्या आज्ञेच्या विरुद्ध असल्यामुळें कवडीमोल होता, अशी कबुली त्यानें सगळ्या जगासमोर दिली. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. मला मठांतून ओढून काढण्याची तुमची इच्छा अजून आहे काय, असें विचारून, तें काम ईश्वरानेंच तुमच्या आधीं केलें, माझें मन आतां मोकळें आहे, आणि माझ्यावर तुमच्या अधिकाराहून मोठा अधिकार ख्रिस्ताचा आहे, असें त्यानें बजावलें. चूक पदरांत घेतली. स्वातंत्र्य मात्र परत केलें नाहीं. हें पत्र आम्हांस वोर्म्सच्या जबाबाइतकेंच धैर्याचें वाटतें, कारण बादशहापुढें ताठ उभें राहणाऱ्यास बापापुढें वांकणें सोपें नसतें.

१५२४ सालीं त्यानें मुलांच्या लग्नाविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. आईबापांनीं मुलांस बळेंच लग्नास लावूं नये व त्यांच्या लग्नास आडवेंही येऊं नये. आणि मुलांनीं आईबापांस चोरून वचनें देऊं नयेत, असा त्याचा विषय आहे. आईबापांचा अधिकार मुलांच्या हितापुरता आहे, त्यांच्या नाशापर्यंत तो पोंचत नाहीं, असें त्याचें म्हणणें. हें लिहितांना त्याच्या डोळ्यांपुढें मान्सफेल्डचें घर नसेल असें कोण म्हणेल?

पुढच्याच वर्षीं त्याच्या स्वतःच्या लग्नाची वेळ आली. हान्स यांस नातवंडें पाहण्याची हौस होती व ती त्यांनीं बोलून दाखविली होती. १३ जून १५२५ रोजीं ल्यूथरानें काटारीना फोन बोरा हिच्याशीं लग्न केलें, आणि वडिलांची ही इच्छा आपल्यास मोडवेना असें एका मित्रास लिहिलें. वधू मात्र वडिलांच्या जुन्या बेतांतली श्रीमंत मुलगी नव्हती. मठांतून पळालेली, जवळ कवडी नसलेली जोगीण होती. २७ जूनच्या मेजवानीस आईबाप दोघेंही आलीं. वर्षभरांत मुलगा झाला; त्याचें नांव आजोबांचेंच, हान्स. १५२७ सालीं चित्रकार क्रानाख यानें या वृद्ध आईबापांचीं चित्रें काढिलीं. हान्स यांच्या जाड चेहऱ्यावर मऊपणा थोडाच दिसतो, पण ती मुद्रा विसरत नाहीं. हीं चित्रें वार्टबुर्गच्या किल्ल्यांत, म्हणजे जेथें ती अर्पणपत्रिका लिहिली गेली तेथेंच, ठेविलेलीं आहेत.

१५३० च्या फेब्रुवारींत वडील आजारी असल्याचें भावाकडून कळलें. वाटेंत जिवास धोका असल्यामुळें मित्रांनीं ल्यूथरास जाऊं दिलें नाहीं. त्यानें लांबलचक पत्र लिहून धीर दिला, व शक्य असल्यास दोघांनींही विटेनबर्गास येऊन राहावें, काटारीना डोळ्यांत पाणी आणून हेंच मागत आहे, असें कळविलें. तें घडलें नाहीं. २९ मे रोजीं हान्स वारले. ल्यूथर तेव्हां कोबुर्गच्या किल्ल्यांत होता. ५ जूनला बालपणच्या एका मित्राचें पत्र आलें. तें वाचतांच तो स्तोत्रसंहिता घेऊन आपल्या खोलींत गेला आणि इतका रडला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें डोकें चालेना. आपण जें कांहीं आहों तें देवानें या बापाच्या हातून, त्याच्या घामानें घडविलें, असें त्यानें त्याच दिवशीं मेलांख्थोन यास लिहिलें. आणि आतां घराण्यांतला सर्वांत वडील ल्यूथर मीच, असेंही. आई पुढच्या वर्षीं, जूनच्या ३० तारखेस गेली. तिच्या आजारांतही जाणें झालें नाहीं. तिलाही त्यानें पत्रच पाठविलें होतें, व तुझीं सारीं नातवंडें आणि माझी काटारीना तुझ्यासाठीं प्रार्थना करीत आहेत असें शेवटीं घातलें होतें.