बाबासाहेब काय शिकले?

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं, तेव्हा कमिटीतल्या मंडळींनी परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राचं काम माझ्याकडं दिलं. मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणारा कामगार. शाळा कशीबशी दहावीपर्यंत झाली, बाकी जे काही वाचलं ते रात्रपाळीत. बाबासाहेबांची चरित्रं मोठमोठ्या अभ्यासकांनी लिहून ठेवली आहेत, त्यात मी काय भर घालणार?

पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि मी लिहायला बसलो. माझी भाची यंदा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढं बी.ए. करायचं, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र घ्यायचं असं तिनं ठरवलं. आम्ही चार वडीलधारी माणसं इथंच विहारात तिला समजवायला बसलो. नर्सिंग कर, आयटीआय कर, असे सल्ले सुरू झाले. ज्याला दुसरं कुठंच मिळत नाही तो आर्ट्सला जातो, असंही एकानं बोलून दाखवलं. मीही मान हलवली, खोटं कशाला बोलू. पोरगी गप बसली आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत राहिली. त्या फोटोखाली डिग्र्यांची ओळ आहे. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., एलएल.डी., डी.लिट., बार-अ‍ॅट-लॉ. आपल्या लहान लेकरांनासुद्धा ही ओळ तोंडपाठ असते. पण ह्या डिग्र्या कशातल्या, बाबासाहेब नेमकं काय शिकले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? मला तरी त्या दिवशी धड सांगता आलं नसतं. म्हणून ह्या लेखात बाबासाहेबांच्या शिक्षणाचीच हकिकत आहे. बाकीचं चरित्र आपल्याला ठाऊक आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते, मूळ गाव कोकणातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातलं गेलं. वर्गात वेगळं बसणं, पाणी वरून ओतून घेणं, हे सगळं त्या काळात आलंच. पुढं मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना त्यांना संस्कृत शिकायचं होतं. ते शिकू दिलं गेलं नाही, नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढं स्वतःच्या जिद्दीनं मिळवलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जे ग्रंथ आपल्या माथी मारले गेले ते ज्या भाषेत लिहिले होते, तीच भाषा ह्या पोराला नाकारली गेली. त्या ग्रंथांत काय आहे हे आपण स्वतः वाचून बघावं, ही भूक तिथूनच लागली असावी.

१९०७ साली मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली, तिच्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदार गेले. त्याच वर्षी महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी, की परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथं नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा मित्र झाला, ती दोस्ती जन्मभर टिकली.

आता कोलंबियात ते काय शिकले ते बघा. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचा एकेक. सगळे मिळून साठ होतात. ह्यात इंजिनीअरिंग नाही आणि डॉक्टरकीही नाही. आपण आज ज्याला नाक मुरडून आर्ट्स म्हणतो, ते हेच सगळे विषय. प्रोफेसरही तसेच तोलामोलाचे लाभले. तत्त्वज्ञानात जॉन ड्युई, अर्थशास्त्रात सेलिग्मन, मानववंशशास्त्रात गोल्डनवायझर.

१९१५ साली एम.ए. झाले. प्रबंध होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा जमाखर्च यांवर. साहेबाच्या राज्यात सारा किती गोळा झाला, मिठावर किती कर बसला, तो पैसा कुठं गेला आणि रयतेच्या कामावर त्यातलं किती कमी लागलं, ह्याचा हिशेब चोवीस वर्षांच्या पोरानं मांडला. अस्पृश्याच्या घरातून आलेला हा विद्यार्थी सरकारच्या वह्या तपासत होता.

त्यानंतरचा ९ मे १९१६ हा दिवस आपण खरं तर साजरा केला पाहिजे. पण कुणाच्या लक्षात नसतो. त्या दिवशी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तेव्हा वय पंचवीस. त्यांच्या आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा साहेबांनी आणि आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनीही जातीची व्याख्या केली होती. हेच केतकर पुढं मराठी ज्ञानकोशाचे कर्ते झाले. कुणी विटाळ म्हटलं, कुणी धंदा म्हटलं, कुणी वंश म्हटलं. बाबासाहेबांनी एकेकाची व्याख्या घासून बघितली आणि सांगितलं, की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. लग्नाचं कुंपण घातलं की गट बंद होतो आणि बंद झालेला गट म्हणजे जात. हे कुंपण टिकवायचं तर नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न येतो. मग सती आली, सक्तीचं वैधव्य आलं, बालविवाह आला. म्हणजे जातीचा दोर बाईच्या गळ्यातून जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. एका वर्गानं आधी दार लावून घेतलं आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली, असंही त्यांनी मांडलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रपाळी होती, पहाटेचे तीन वाजले असतील. जात देवानं केली नाही एवढं मला ठाऊक होतं. पण ती माणसांनी कशी केली, कुठली खुंटी ठोकून ती उभी आहे, हे मला त्या रात्री कळलं. आपल्याकडं आजही सोयरीक जुळवताना पोटजात विचारतात. विहारात येणारेसुद्धा विचारतात. लिहून ठेवतो, राग आला तर येऊ द्या.

१९१६ च्या अखेरीस ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असं दोन्हीकडं नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट पाणतीरानं (टॉर्पेडोनं) बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. पुढं बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तिथून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं. कोलंबियाचा एम.ए. झालेला हा माणूस कामाठी बागेत झाडाखाली बसून रडला. ही हकिकत आपण दरवर्षी सांगतो, त्यामुळं वाढवत नाही.

वाढवून सांगायचं ते वेगळंच आहे. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. स्मॉल होल्डिंग्ज म्हणून तो ओळखला जातो. आपल्यातल्या फारच थोड्यांनी तो वाचला असेल. त्या वेळी मोठेमोठे पंडित म्हणत होते, की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडा आणि शेत मोठं करा. बाबासाहेबांनी उलट विचारलं. शेत लहान की मोठं हे एकरांवर ठरत नाही. बैल, अवजार, भांडवल, राबणारे हात यांच्याशी त्याचा मेळ बसतो का, यावर ते ठरतं. आपल्याकडं भांडवल नाही आणि माणसं मात्र जमिनीला गरजेपेक्षा जास्त चिकटलेली आहेत. हे जास्तीचे हात रिकामे बसतात, पण पोटाला तर लागतंच. म्हणून खरा उपाय शेताबाहेर आहे. कारखाने काढा, ह्या हातांना काम द्या, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल.

धारूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज आहे का? बालाघाटच्या डोंगरात आपली कोरडवाहू रानं. पाऊस पडला तर पडला. दिवाळी आली की मुकादमाची उचल घेऊन कोयते निघाले पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं. माझे आईवडील कोयत्याला जायचे. मी पाचटाच्या कोपीत वाढलो, माझ्या शाळेचे निम्मे दिवस उसाच्या फडात गेले. आपण गरीब का, असं मी एकदा बापाला विचारलं होतं. त्यांनी नशिबाकडं बोट दाखवलं. त्यांचा दोष नाही, त्यांना दुसरं उत्तर कुणी दिलंच नव्हतं. ते उत्तर १९१८ सालीच छापून झालेलं होतं. आमच्या कोपीपर्यंत यायला त्याला पाऊणशे वर्षं लागली. राज्य सरकारनं १९७९ साली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड काढला, त्यात हा निबंध आहे. मी तो डिक्शनरी घेऊन वाचला. एक पान वाचायला एक आठवडा लागला असंही झालं.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचं स्वागत. पगारातून पै-पै साठवली. थोडी मदत राजर्षी शाहू महाराजांनी केली, पाच हजार रुपये नवल भथेनांनी उसने दिले आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताना आत जायचं आणि दार लावताना बाहेर यायचं. रात्री भुकेला पापड. इकडं मुंबईत माता रमाई किती हलाखीत दिवस काढत होत्या! पाच लेकरांपैकी चार लहानपणीच गेली. आपण डिग्र्यांची ओळ म्हणतो तेव्हा ही किंमतही त्यात धरली पाहिजे.

१९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर. डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. इंग्रज सरकारच्या धोरणावर टीका कडक, म्हणून परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला लावला. पैसे संपल्यानं ते मुंबईला परतले आणि इथून दुरुस्त करून पाठवला. १९२३ साली पदवी मिळाली. त्यांचे प्रोफेसर कॅनन यांना त्यातली बरीच मतं पटली नव्हती, तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. रुपयाची किंमत घसरली की महागाई वाढते, मजुरी मात्र तेवढी वाढत नाही, मग फायदा व्यापाऱ्याचा आणि खड्डा मजुराच्या पोटाला, हा विचार बाबासाहेबांनी तेव्हाच मांडला होता. पगाराच्या दिवशी किराणा दुकानात उभं राहिलं की मला तो आठवतो. कोलंबियाची पीएच.डी. १९२७ साली मिळाली, प्रांतांच्या आणि मध्यवर्ती सरकारच्या पैशाच्या वाटणीवर. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. फोटोखालची एलएल.डी. आणि डी.लिट. ह्या पुढं १९५२ आणि १९५३ साली सन्मानानं मिळालेल्या. पहिली कोलंबियानं दिली, दुसरी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं.

महाडचं तळं, गोलमेज परिषद, घटना, धम्मदीक्षा हे सगळं पुढचं आहे. त्यात मी शिरत नाही. एवढंच बघा, की साऊथबरो कमिटीपुढं १९१९ साली साक्ष द्यायला गेले तेव्हा कोण किती, मताचा हक्क कुणाला पोचतो आणि कुणाला पोचत नाही, ह्याचं गणित त्यांच्याजवळ तयार होतं.

आणि मग आपला मराठवाडा. निजामाच्या राजवटीत आपल्या भागातल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागे. तिथं उर्दूतून शिक्षण. आपल्या वस्तीतलं कोण जाणार? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० ला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पुढं त्याला नाव दिलं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. राजा मिलिंद भदंत नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारतो, त्यावरून. त्या नागसेनवनात शिकून किती कवी, लेखक, प्राध्यापक बाहेर पडले! प्रा. गंगाधर पानतावणे यांचं अस्मितादर्श त्याच मातीतलं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यावं असा ठराव १९७८ च्या जुलैत विधिमंडळात झाला, आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. मी तेव्हा लहान होतो, आईनं आम्हाला घेऊन रात्र रानात काढली एवढं आठवतं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका विद्यापीठाच्या पाटीवरच्या नावासाठी माणसं मेली. त्याच विद्यापीठात आपली पोरं आज गाइड पाठ करून, कॉपी करून बी.ए.चा कागद घेतात, तेव्हा माझा जीव तुटतो. आर्ट्सची किंमत आपणच घालवली, विषयाचा त्यात गुन्हा नाही.

नोकरीचं काय, हा प्रश्न मला कळतो. पोट कुणाला चुकलं आहे? आयटीआय करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, माझा मुलगा वेल्डरच आहे. पण वस्तीतल्या शंभर पोरांमागं दोघातिघांनी तरी हे बाबासाहेबांचे विषय नीट, मुळातून शिकावेत.

भाचीनं फॉर्म भरला आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास. पहिल्या वर्षाची फी आम्ही त्या दिवशी विहारात बसलेल्या चौघांनी मिळून भरली, आर्ट्सला नावं ठेवणाऱ्यानंसुद्धा. विहाराच्या कपाटातला पहिला खंड सध्या तिच्याकडं आहे. स्मॉल होल्डिंग्ज निबंधाचं ती सोप्या मराठीत करते आहे. कोयत्याला गेलेली मंडळी परत आली की पौर्णिमेच्या वंदनेनंतर ती तो वाचून दाखवणार आहे. त्याआधी कुणाला खंड पाहिजे असेल तर त्यांनी माझ्याकडं वहीत नाव लिहावं.

जयभीम.